जॅकेटच्या टोपीतला भुंगेरा

१

जर्मनीतल्या रेगेन्सबर्ग शहरात, डोनाऊ नदीच्या काठावर, वाळुंजाच्या झाडाखाली मल्हार सबनीसचं निळं जॅकेट होतं. कुणीतरी ते नीट घडी घालून ठेवलं होतं आणि उडू नये म्हणून वर एक दगड. खिशात पाकीट आणि घराच्या किल्ल्या. मल्हारचा मात्र पत्ता नव्हता.

शनिवारी दुपारी "संध्याकाळपर्यंत येतो" असं सांगून तो घरातून पायीच बाहेर पडला होता. संध्याकाळ गेली, रात्र गेली. फोन बंद. रविवारी उजाडताना गळ टाकायला आलेल्या एका म्हाताऱ्याला जॅकेट दिसलं आणि त्याने पोलिसांना बोलावलं. पोलिसांचा फोन येताच मल्हारच्या बायकोने, स्वरूपाने, आधी मल्हारचा कार कंपनीतला मित्र रुपेश याला कळवलं आणि मग वरच्या मजल्यावर जाऊन विभावरी खरेचं दार ठोठावलं. दोघी होत्या तशाच निघाल्या. नदी दोन गल्ल्यांवर होती. त्या काठावर पोचतात न पोचतात तोच मागे रुपेशची गाडी येऊन थांबली आणि तो धावत उतरला.

"वहिनी, धीर धरा. मी आलोय ना," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते.

स्वरूपा नदीकडे बघत होती. ऑक्टोबर संपत आला होता, पाणी फुगलेलं होतं आणि रात्रीच्या थंडीने दहिवर गोठून काठावरचं गवत पांढरंफटक झालं होतं.

कोमिसारिन ब्रांडल नावाच्या पोलिस अधिकारी बाईंनी हातमोजे चढवले, दगड बाजूला केला आणि जॅकेट उचललं. खालचं गवतही आजूबाजूसारखंच पांढरं होतं. जॅकेट वरून कोरडं, आतून दमट. बाईंनी ते झटकून पुढे धरलं.

"तुमच्या नवऱ्याचं?"

स्वरूपाने मान डोलावली आणि ती मटकन खाली बसली. तिला सावरायला वाकलेल्या विभावरीच्या बाहीवर त्याच वेळी काहीतरी पडलं. जॅकेटच्या टोपीतून निसटलेलं, तांबूस, चपटं, भाताच्या दाण्याएवढं. ते पळू लागलं आणि पळता पळता त्याने शेपूट विंचवासारखं वर उचललं.

दुसरं कुणी असतं तर त्याने ते झटकून टाकलं असतं. विभावरीने पर्समधून काचेची छोटी कुपी काढली आणि किड्याला आत घेतलं. ती इथल्याच एका लहानशा निसर्गसंग्रहालयात कीटकांचा विभाग सांभाळत होती, आणि गेली वीस वर्षं तिने भुंगेऱ्यांच्या एकाच कुळाचा अभ्यास केला होता. जर्मनमध्ये त्यांना कुर्त्सफ्ल्युगलर म्हणतात, आखूड पंखांचे.

"काठावर असे किडे हजारो असतात, फ्राऊ खरे," ब्रांडलबाई थकल्या आवाजात म्हणाल्या.

"असतात," विभावरी म्हणाली. पण कुपी तिने बंद मुठीत धरून ठेवली. काठावरचे किडे ती ओळखत होती. हा तिच्या ओळखीचा नव्हता.

२

रविवारमुळे संग्रहालय बंद होतं. विभावरीने आपल्या किल्लीने दार उघडलं, कोट न काढताच मायक्रोस्कोपचा दिवा लावला.

या कुळातले बहुतेक भुंगेरे एकमेकांसारखे दिसतात. लांबट अंग, अर्ध्यावरच संपलेली पंखांची कठीण झाकणं, बाकीचं पोट उघडं. कधीकधी नराचं गुप्तांग तपासल्याशिवाय जात ठरत नाही. पण याच्या बाबतीत एवढं करावं लागलं नाही. त्याच्या झाकणांवर बारीक, समांतर रेघा होत्या, नांगरलेल्या शेतासारख्या. या कुळात अशा रेघा फार थोड्यांना असतात. आणि डोकं, छाती, पोट सगळं असं चेपलेलं, जणू कुणी वहीत दाबून ठेवलं होतं.

तिने कपाटातली एक पेटी बाहेर काढली. त्यात फिनलंडहून आलेले चार नमुने होते. तिने कुपीतला जिवंत किडा त्यांच्या शेजारी धरला. मग परत मायक्रोस्कोपखाली. मग परत पेटीकडे.

लॅटिन नाव सांगून कुणाची जीभ शिणवण्यात अर्थ नाही. मराठीत त्याला नावच नाही. हा उत्तरेकडच्या जंगलातला, स्वीडन-फिनलंडच्या स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांमधला प्राणी. दक्षिणेला तो इतका दुर्मीळ की बायरिशर वाल्डच्या डोंगराळ जंगलात तो आहे, एवढंच दोन वर्षांपूर्वी कळलं होतं. तेही विभावरीच्या गटानेच लावलेल्या सापळ्यात एक सापडला म्हणून. तो राहतो मेलेल्या पण उभ्या असलेल्या स्प्रूसच्या सालीखाली. साल सुटत आलेली पण गळून न पडलेली हवी, आत ओल हवी. थंडी त्याला चालते, नव्हे आवडते. कोरडेपणा मात्र त्याला काही तासांत मारतो.

नदीकाठी स्प्रूस नव्हता. शहरातही असला स्प्रूस नव्हता. जवळात जवळचा गाडीने दीड-दोन तासांवर.

विभावरी खुर्चीत मागे टेकली आणि तिला काठावरचं गवत आठवलं. जॅकेट रात्रीपासून तिथे असतं तर त्याच्यावर दहिवर गोठलं असतं आणि खालचं गवत हिरवं राहिलं असतं. होतं नेमकं उलटं. जॅकेट पहाटे, दहिवर गोठल्यानंतर ठेवलं गेलं. तोवर ते कुठेतरी बंद, दमट जागी होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत म्हणा, गाडीच्या डिकीत म्हणा. म्हणून किडा जगला.

तिने ब्रांडलबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"समजा तुमचं खरं," त्या म्हणाल्या. "सबनीस जंगलात गेले असतील. मनाने खचलेला माणूस रात्रभर भटकतो आणि पहाटे नदीवर येतो. मी असं पाहिलंय."

"कसा येतो? त्याची गाडी घरी गॅरेजमध्ये उभी आहे. रात्री डोंगरातून एकही ट्रेन खाली येत नाही."

"म्हणजे कुणाची तरी गाडी होती," ब्रांडलबाई हळूच म्हणाल्या.

"आणि त्या कुणीतरी अजून तोंड उघडलेलं नाही," विभावरी म्हणाली. "मल्हार नदीत नाहीये, फ्राऊ ब्रांडल. तो डोंगरात आहे."

खिडकीबाहेर ढग उतरत होते. रेडिओवर सकाळीच सांगितलं होतं, संध्याकाळी डोंगरावर बर्फ.

३

स्वरूपाच्या घरी तीन पुरुष जमले होते.

सोफ्यावर तिचा मोठा भाऊ वासुदेव. तो हायडेलबर्गच्या विद्यापीठात संशोधन करायचा आणि शुक्रवारी ट्रेनने बहिणीकडे आला होता. मेहुण्याशी त्याचं फारसं जमत नसे. खुर्चीवर मल्हार-रुपेशचा वरिष्ठ थालहामर, साठीचा, रुंद खांद्यांचा. पोलिसांनी कळवल्यावर तो थेट इकडेच आला होता. आणि स्वयंपाकघराच्या दारात रुपेश, हातात चहाचा ट्रे.

ब्रांडलबाई टेबलापाशी उभ्या होत्या. विभावरी शेजारी जाऊन उभी राहिली.

"मल्हारला कामाचा ताण होता," थालहामर म्हणाला. "मीच त्याला सुट्टी घे म्हटलं होतं. मला फार वाईट वाटतंय."

"ताण कसला होता ते पण सांगा ना!" स्वरूपा एकदम उसळली. "ब्रेकच्या टेस्टमधले आकडे बदललेत म्हणत होता तो. गाडी ओल्या रस्त्यावर थांबत नाही आणि रिपोर्टमध्ये थांबते. सोमवारी तो वर जाऊन सांगणार होता. महिनाभर झोपला नाहीये तो. ज्याला सोमवारी बोलायचंय तो रविवारी जीव देतो?"

थालहामरचा चेहरा दगडासारखा झाला. "हा आरोप आहे. मी वकिलाशिवाय यावर बोलणार नाही."

"जरूर नका बोलू," ब्रांडलबाई म्हणाल्या. "काल कोण कुठे होतं एवढं मात्र बोला."

वासुदेव आधी बोलला. "मी लुझेनवर गेलो होतो. ट्रेकिंगला. शिखरावर. एकटाच." त्याने बहिणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मल्हार येतोस का म्हणून विचारायला हवं होतं. नाही विचारलं. परवा भांडलो होतो आम्ही. त्याला नोकरी सोडून परत जायचं होतं आणि मी म्हटलं, हा पळपुटेपणा आहे."

लुझेन बायरिशर वाल्डमध्येच आहे.

"मी पहाटेपर्यंत लांडशूटच्या हॉस्पिटलात होतो," थालहामर गुरगुरला. "माझ्या मुलीला मुलगी झाली. नर्सला विचारा."

"आणि तुम्ही?" ब्रांडलबाईंनी रुपेशकडे पाहिलं.

"मी शनिवारी र्युसेल्सहाइमला होतो. माझा मित्र सिद्धेश, त्याच्याकडे वास्तुशांत होती. रात्री मुक्काम तिथेच." त्याने ट्रे खाली ठेवला. "पण ताई, हे जंगल वगैरे काय आहे?"

विभावरीने थोडक्यात सांगितलं. किडा, सुटलेली साल, मेलेला स्प्रूस. सांगताना ती प्रत्येकाचा चेहरा न्याहाळत होती. वासुदेव पांढरा पडला. थालहामरच्या कपाळावर आठी.

रुपेश मात्र मान हलवत राहिला. "ताई, रागावू नका," तो अजिजीने म्हणाला. "पण शुक्रवारी मल्हार थालहामरसाहेबांच्या घरी सरपण रचायला गेला होता. हेच जॅकेट घालून. मीही होतो. स्प्रूसचीच लाकडं होती ती, बायरिशर वाल्डमधली. किडा त्यातूनच टोपीत गेला असणार ना?"

ब्रांडलबाईंनी वही मिटली. स्वरूपाने विभावरीकडे पाहिलं, आणि त्या नजरेतली आशा विझताना विभावरीने स्पष्ट पाहिली.

४

थालहामरचं घर शहराच्या कडेला होतं. ब्रांडलबाईंनी पोलिसांच्या गाडीने विभावरीला तिथे नेलं. "दहा मिनिटं देते," त्या म्हणाल्या. "मग मला नदीवर परत जायचंय. पाणबुडे वाट बघतायत."

परसात छपराखाली सरपणाची भिंत रचलेली होती. विभावरीने एक ओंडका उचलला. हलका. दुसरा त्याच्यावर आपटला. ठणठणीत आवाज आला. तिने फटी धुंडाळल्या, ओंडके उलटेपालटे केले. साल कशालाच नव्हती. फोडण्याआधी यंत्राने सोलून काढलेली. आतून पिठासारखी कोरडी धूळ पडत होती.

"हे लाकूड दोन उन्हाळे वाळलंय," ती म्हणाली. "यात एवढीशीही ओल नाही. किड्याला लपायला साल नाही. हा ज्या मऊ अळ्यांवर जगतो त्या बुरशीवर वाढतात, इथे बुरशी कुठाय? समजा यदाकदाचित एखादा आला असता, तरी शुक्रवारपासून घरात खुंटीवर लटकलेल्या जॅकेटमध्ये तो शनिवारी सकाळीच वाळून मेला असता. फ्राऊ ब्रांडल, हा माझ्या बाहीवर धावत होता."

तिने कुपी पुढे केली. आत ओल्या कापसावर किडा शेपूट उचलून उभा होता.

ब्रांडलबाईंनी वाकून तिकडे पाहिलं. "आणि हा मेहुणा, वासुदेव? तो तर कबूलच करतोय की डोंगरात होता."

"लुझेनचं शिखर," विभावरी म्हणाली. "तिथली झाडं तीस वर्षांपूर्वीच मेली. नुसते पांढरे खांब उभे आहेत, सालीचा कपटाही नाही. आम्ही तिथे दोन उन्हाळे शोधलं. एकही मिळाला नाही. आणि वासुदेव ट्रेनने आला-गेला, त्याच्याकडे गाडी नाही. रात्रभर तो स्वरूपाच्या डोळ्यांसमोर सोफ्यावर होता. ती झोपलीच नव्हती."

ब्रांडलबाईंनी लांडशूटच्या हॉस्पिटलला फोन लावला. नर्सने हसत सांगितलं की आजोबा उजाडेपर्यंत कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होते, कॉफीचं यंत्र त्यांनी रिकामं केलं.

"तिसरा र्युसेल्सहाइमला. म्हणजे कुणीच नाही," ब्रांडलबाई म्हणाल्या. "तुमचा किडा मला जंगल दाखवतो, पण माणूस दाखवत नाही. आणि ते जंगल केवढं आहे माहितेय ना? बर्फ पडायला लागला की हेलिकॉप्टर उडणार नाही."

विभावरीने फोन काढला. "जंगल लहान करता येईल."

५

अन्नेलीझ त्या डोंगरातली वनरक्षक. दोन वर्षांपूर्वीचा सापळा तिच्याच मदतीने लावला होता. विभावरीने एका श्वासात विचारलं, "साल-पोखर्‍या किड्याने दोन-तीन वर्षांपूर्वी मारलेले स्प्रूस, अजून उभे, साल अजून अंगावर, उत्तरेकडचा उतार, जवळ पाणी. आणि रस्त्यापासून पायी जाता येईल असं. कुठे कुठे उरलंय?"

"तीन ठिकाणी होतं," अन्नेलीझ विचार करत म्हणाली. "दोन ठिकाणची झाडं या उन्हाळ्यात कापून नेली. उरली एकच जागा, हिर्शबाखची घळ. पण विभा, ती चार किलोमीटर लांब आहे, दोन्ही बाजूंना कडे, खाली ओढा. कुणी तिथे पडला असेल तर नेमकी जागा कळल्याशिवाय अंधाराआधी सापडणं कठीण. इथे आत्ताच भुरभुर सुरू झालीय."

विभावरीने फोन ठेवला. गाडी परत शहरात शिरत होती. ब्रांडलबाईंनी बेर्गवाख्टला, म्हणजे डोंगरातल्या बचाव पथकाला, निघायला सांगितलं होतं, पण त्यांच्याही चेहऱ्यावर विश्वास नव्हता.

ज्याने जॅकेट आणलं त्याला जागा माहीत होती. तो पहाटे रेगेन्सबर्गमध्ये होता. विभावरी डोळे मिटून सकाळ पुन्हा पाहू लागली. दारावर थाप. स्वरूपाचा चेहरा. अंगावर कोट चढवून दोन गल्ल्या. काठ. मागे गाडीचा ब्रेक.

तिने डोळे उघडले.

"फ्राऊ ब्रांडल, र्युसेल्सहाइमहून इथे यायला किती वेळ लागतो?"

"ऑटोबान मोकळा असला तर तीन तास. का?"

"स्वरूपाने रुपेशला फोन केला आणि लगेच माझ्याकडे आली. आम्ही चालत नदीवर गेलो. आम्ही पोचलो तेव्हा तो आमच्या मागेच होता. रात्री र्युसेल्सहाइमला मुक्काम करणारा माणूस."

ब्रांडलबाईंनी गाडी कडेला घेतली. विभावरीने स्वरूपाला फोन करून सिद्धेशचा नंबर घेतला, आणि कुणाला काही बोलू नकोस असं सांगितलं. सिद्धेशने फोन उचलला तेव्हा मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"रुपेश?" तो म्हणाला. "अहो, आम्ही जेवायला थांबलो होतो त्याच्यासाठी. आलाच नाही. फोनसुद्धा उचलला नाही. का हो, बरा आहे ना?"

६

रुपेश स्वयंपाकघरात कप विसळत होता. विभावरी आत गेली. ब्रांडलबाई दारात थांबल्या.

"रुपेश, मी मराठीत बोलते," विभावरी म्हणाली. "कारण वेळ नाहीये, आणि प्रत्येक शब्द तुला नीट कळायला हवा. तू काल र्युसेल्सहाइमला नव्हतास. सिद्धेशशी बोलले मी आत्ता. तू मल्हारबरोबर हिर्शबाखच्या घळीत होतास."

त्याच्या हातातला कप सिंकमध्ये पडला. फुटला नाही, पण आवाज मोठा झाला.

"तुम्हाला घळीचं नाव..." तो म्हणाला आणि थांबला.

"किड्याने सांगितलं. त्याला राहायला एवढीच जागा उरलीय." ती जवळ गेली. "तू ढकललंस की तो घसरला, ते मी विचारत नाहीये. ते नंतर. आत्ता एकच सांग. कुठे? तिकडे बर्फ पडतोय, रुपेश. त्याच्या अंगावर जॅकेटसुद्धा नाही."

नळ तसाच वाहत होता. रुपेश जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

ते एकत्र गेले होते. बोलायला, शांत जागी, असं मल्हारच म्हणाला होता. रुपेशने त्याला कोपऱ्यावरून गाडीत घेतलं. घळीच्या वरच्या वाटेवर चढून दोघांना घाम आला, मल्हारने जॅकेट काढून एका मेलेल्या स्प्रूसच्या तुटक्या फांदीला अडकवलं. साल पापुद्र्यासारखी सुटली होती. मल्हार म्हणाला, सोमवारी तू पण चल माझ्याबरोबर. रिपोर्टवर सही तुझी आहे. आपण दोघांनी सांगितलं तर तू वाचशील.

"वाचशील!" रुपेश म्हणाला. "ताई, सही थालहामरने करायला लावली होती. माझी परमनंट रेसिडेन्सी पुढच्या महिन्यात. आईबाबांना आणायचं होतं. मी म्हटलं, एक वर्ष थांब. तो म्हणाला, एक वर्षात कुणाचं तरी मूल त्या गाडीखाली येईल. मी त्याचा हात धरला, त्याने सोडवून घेतला. मागे ओला दगड होता. गेला खाली."

"मग?"

"हाका मारल्या. खूप मारल्या. उत्तर आलं नाही. मला वाटलं, संपलं. खाली उतरायला जागा नव्हती, फोनला रेंज नव्हती. जॅकेट घेतलं आणि पळालो. रेंज आली तेव्हा फोन हातात होता माझ्या, पण... बोटच चालेना."

"आणि पहाटे ते नदीवर ठेवलंस."

त्याने ओल्या हातांनी तोंड झाकलं.

"जॅकेट नदीवर ठेवल्यावर सगळे नदीतच शोधणार. जंगलात कुणी जाणारच नाही. हे तुला ठाऊक होतं."

दाराबाहेर स्वरूपा उभी होती. ती कधी आली कुणालाच कळलं नव्हतं. तिने रुपेशच्या अंगावर त्याचा कोट टाकला आणि ती म्हणाली, "ऊठ. दाखव."

७

घळीच्या तोंडाशी पोचले तेव्हा उजेड मावळत होता आणि बर्फाचे कण तिरके पडत होते. बेर्गवाख्टची माणसं दिवे लावून सज्ज होती. अन्नेलीझ पुढे, तिच्या मागे दोन पोलिसांच्या मधे रुपेश. वासुदेवने बहिणीचा हात धरला होता. गाडीतून उतरल्यापासून तो एकच वाक्य पुटपुटत होता, "पळपुटा म्हटलं मी त्याला."

रुपेशला जागा ओळखता येईना. सगळी झाडं सारखीच, राखाडी, मेलेली. दोनदा तो चुकला. विभावरी टॉर्चने खोड न् खोड पाहत चालली होती. एका खोडाची साल कमरेच्या उंचीवर ताजी ओरबाडलेली दिसली, आतलं लाकूड फिकट. वर तुटकी फांदी.

"हेच?" तिने विचारलं.

रुपेशने मान डोलावली.

कड्यावरून दोर सोडले. दोघं खाली उतरले. ओढ्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. दिवे खाली खाली गेले, डावीकडे सरकले, थांबले.

मग खालून हाक आली. "एर लेब्ट!"

जिवंत आहे. वासुदेवने स्वरूपाला उराशी धरलं आणि दोघं तिथेच बर्फात बसली.

मल्हारचा उजवा पाय मोडला होता, खांदा निखळला होता. कोसळलेल्या एका खोडाखाली तो सरपटत शिरला होता आणि अंगावर सालीचे मोठमोठे तुकडे ओढून घेतले होते. एवढ्यावर त्याने रात्र आणि दिवस काढला. स्ट्रेचर वर आलं तेव्हा ओठ निळे पडले होते, पण डोळे उघडे होते. स्वरूपाने त्याच्या गालाला गाल लावला. तो काहीतरी पुटपुटत होता.

"रुपेश कुठाय?" तो म्हणाला. "आला ना तो?"

रुपेश चार पावलांवर उभा होता, दोन पोलिसांच्या मधे.

"त्याच्यावर रागावू नका कुणी," मल्हार म्हणाला. दात वाजत होते, शब्द तुटत होते. "वाट चुकला असेल. अंधार होता. मी खालून ओरडून सांगितलं होतं त्याला, पाय मोडलाय, माणसं घेऊन ये. घाई नको करू, गाडी सावकाश चालव म्हटलं. तो म्हणाला, आलोच." त्याने डोळे मिटले. "मला माहीत होतं, येणार."

स्वरूपाने हळूच मान वर केली. वासुदेवही वळला. विभावरीला रुपेशचे शब्द आठवले. हाका मारल्या, खूप मारल्या, उत्तर आलं नाही. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून, रडत रडत.

"वास झाग्ट एर?" ब्रांडलबाईंनी विचारलं. त्यांना मराठी कळत नव्हतं. "फ्राऊ खरे, काय म्हणतायत ते?"

रुपेश विभावरीकडे बघत होता. त्याने नकारार्थी मान हलवली. इतकी हळू, की फक्त तिलाच दिसावी.

स्ट्रेचर उचललं गेलं. दिवे वाटेने उतरू लागले. विभावरीने ते वळणाआड जाऊ दिले. मग ती ब्रांडलबाईंकडे वळली आणि तिने मल्हारचं वाक्य न वाक्य, जसंच्या तसं, जर्मनमध्ये सांगितलं.